तीन आणे कीं पंधरा आणे: लोकसभेंतील एका वादाचें साधनदृष्ट्या परीक्षण

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत लोकसभेंतील एका वादाचें परीक्षण पाहून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. ज्यांनीं जन्मभर मोडी दप्तरें चाळलीं आणि पोथ्यांचीं विस्कटलेलीं पानें जुळविलीं, त्यांस साठ वर्षांपूर्वींचा छापील सरकारी कागद रद्दीहून फारसा निराळा वाटत नाहीं. परंतु साधन जुनें झालें म्हणजेच त्याची किंमत कळते, आणि तोंवर तें बहुधा वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेलेलें असतें, हा अनुभव आपल्यापैकीं बहुतेकांस आलेला आहे. शिवाय या लेखाचें निमित्त जुन्या कागदाचें नसून जुन्याच रोगाचें आहे. तो रोग म्हणजे मूळ पत्र न पाहतां बखरीवर विसंबणें.

आमच्या गांवच्या वाचनालयांत मध्यंतरीं एक व्याख्यान झालें. वक्त्यांनीं आवेशानें सांगितलें कीं, डॉ. राममनोहर लोहिया यांनीं इ. स. १९६३ मध्यें ‘या देशांतील सत्तावीस कोटि माणसें रोज तीन आण्यांवर जगतात’ असें लोकसभेंत सांगून पंडित नेहरूंस निरुत्तर केलें. त्यावर श्रोत्यांतील एक वृद्ध गृहस्थ उठले आणि तितक्याच आवेशानें म्हणाले कीं, तो आकडा कपोलकल्पित होता व नेहरूंनीं तो तेथल्या तेथें खोडून काढला. सभेंत दोन तट पडले. पुढें चौकशी करतां दोघांनींहि मूळ वाद वाचलेला नव्हता असें दिसून आलें. साठ वर्षांच्या आंत एका घटनेच्या दोन बखरी तयार झाल्या, आणि घटनेचें अस्सल पत्र मात्र छापील खंडांत पडून राहिलें. राजवाड्यांनीं साधनांच्या बावीस खंडांतून जी दृष्टि आपणांस दिली, तिच्या साह्यानें हा वाद एकदां तपासावा, एवढाच या लेखाचा हेतु.

(१) वादाची हकीकत

प्रथम हकीकत थोडक्यांत देतों. चीनच्या आक्रमणानंतर, म्हणजे इ. स. १९६२ च्या अखेरीनंतर, नेहरूंच्या मंत्रिमंडळावरील लोकांचा विश्वास पूर्वींसारखा राहिला नव्हता. इ. स. १९६३ च्या पोटनिवडणुकींत आचार्य कृपलानी अमरोह्याहून, मिनू मसानी राजकोटहून आणि लोहिया फर्रुखाबादहून निवडून आले. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत कृपलानींनीं मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेंतील अशा प्रकारचा हा पहिलाच ठराव होय. त्यावरील चर्चेंत लोहियांनीं दोन आकडे शेजारीं शेजारीं ठेविले. एक पंतप्रधानांवर होणाऱ्या रोजच्या खर्चाचा, पंचवीस हजार रुपयांचा. दुसरा सत्तावीस कोटि प्रजेच्या रोजच्या तीन आण्यांचा. नेहरूंनीं नियोजन मंडळाच्या आधारानें उत्तर दिलें कीं, ही रक्कम तीन आणे नसून पंधरा आणे आहे. ठराव ३४७ विरुद्ध ६२ मतांनीं फेटाळला गेला. परंतु आण्यांचा वाद तेवढ्यानें मिटला नाहीं. सप्टेंबरांत त्यावर स्वतंत्र चर्चा झाली, आणि नियोजनाचें खातें सांभाळलेले गुलझारीलाल नंदा यांच्याकडून तिसरा आकडा पुढें आला. शेंकडा साठ गरीब लोकांपुरतें पाहिल्यास दरडोई रोजचे साडेसात आणे पडतात, असा तो आकडा होता.

दोन्ही बखरींत हा तिसरा आकडा नाहीं. ज्यास नेहरूंचा जय सांगावयाचा, तो पंधरावर थांबतो. ज्यास लोहियांचा जय सांगावयाचा, तो तिनावर थांबतो. अस्सल साधन आणि बखर यांतील भेद दाखविण्यास इतका सोपा दाखला क्वचितच सांपडेल.

(२) साधनाचें स्वरूप

आतां हा कागद कोणत्या जातीचा आहे तें पाहूं. आपल्या वाचकांस महजर आणि निवाडपत्रें सुपरिचित आहेत. अग्रवादी आपली तकरीर लिहून देतो, पश्चिमवादी आपली देतो, साक्षी व पुरावे होतात, आणि मग निवाडा होतो. महजराची किंमत निवाड्यापेक्षां या तकरिरींत अधिक असते, हें वतनाचे तंटे अभ्यासणाऱ्यास सांगावयास नको. कुळाची वंशावळ, दुष्काळांत गांव परागंदा झाल्याची हकीकत, शेताची हद्द, हें सर्व आपणांस वादीप्रतिवादींच्या तोंडूनच कळतें. निवाडा कोणाच्या बाजूनें झाला, हें पुष्कळदां गौण असतें.

लोकसभेच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तान्त हा याच जातीचा कागद आहे. तींत विरोधी सभासदाची तकरीर आणि मंत्र्याची तकरीर एकापुढें एक शब्दशः येते. तत्कालीन मूळ प्रतींत हिंदी भाषण नागरींत आणि इंग्रजी भाषण रोमन लिपींत एकाच पृष्ठावर छापलेलें आढळतें. फारसी व मोडी मजकूर एकाच कागदावर असलेल्या आदिलशाही दुभाषी पत्रांची तेथें आठवण होते. हें साधन सर्वस्वीं निर्दोष आहे असें मात्र नव्हे. सभासदांस आपल्या भाषणांत किरकोळ शाब्दिक दुरुस्त्या करतां येतात, आणि अध्यक्षांनीं गाळावयास सांगितलेले शब्द त्यांत येत नाहींत. सभागृहांतील गलबला तर ‘व्यत्यय’ एवढ्या एका शब्दांत मावतो. तथापि दोन्ही पक्षांस आपली बाजू छापील पाहतां येते व तिजविषयीं तक्रार करतां येते, हा या साधनाचा मोठा गुण.

दुसरा एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. महजरांत ज्याचा वाद, त्याचाच निवाडा होई. येथें तसें झालें नाहीं. ३४७ विरुद्ध ६२ या मतांनीं मंत्रिमंडळाचा निवाडा झाला. आण्यांचा निवाडा त्या मतांनीं झाला नाहीं, व होणें शक्यहि नव्हतें. बहुमतानें सरकार टिकतें, त्रैराशिक टिकत नाहीं. ‘ठराव पडला म्हणून आकडा खोटा’ असें म्हणणाऱ्या आमच्या वृद्ध मित्रांनीं हा विवेक करावयास हवा होता.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार आपल्याकडे आयता आलेला नाहीं, हेंहि येथें नमूद करणें उचित होय. इ. स. १८९२ च्या कायद्यानें कौन्सिलांतील सभासदांस सरकारास प्रश्न विचारण्याची मुभा प्रथम मिळाली. पण उत्तर आल्यावर त्यावर उपप्रश्न करण्याची सोय नव्हती. सरकारनें जें दिलें तें घ्यावें आणि स्वस्थ बसावें, असा प्रकार. मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारतां येऊं लागले ते इ. स. १९०९ च्या सुधारणांनंतर. ही बाब लहान दिसते, पण सगळें मर्म तिच्यांतच आहे. पहिल्या उत्तरानें सरकार आपली बाजू मांडतें; दुसऱ्या प्रश्नानें त्या उत्तराचा अर्थ काय, हें त्यास सांगावें लागतें. पंधरा आण्यांनंतर साडेसात आणे बाहेर आले, ते या दुसऱ्या प्रश्नामुळें.

(३) आण्यांचा हिशेब

नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस येथें एक गंमत आढळेल. भारतांत दशमान चलन १ एप्रिल १९५७ रोजीं सुरू झालें; रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. म्हणजे ज्या आण्यांवरून सभागृह इतकें तापलें, तो आणा हिशेबांतून जाऊन सहा वर्षें लोटलीं होतीं. तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस नवे पैसे, साडेसात म्हणजे सुमारें सत्तेचाळीस, आणि पंधरा म्हणजे सुमारें चौऱ्याण्णव. तरी विरोधक आणे म्हणाले आणि सरकारहि आणेच म्हणालें. टांकसाळीचें नाणें बदललें तरी लोकांच्या तोंडचें नाणें एका पिढीच्या आंत बदलत नाहीं, याचा हा अधिकृत पुरावा होय.

आतां आकड्यांकडे वळूं. रोजचे पंधरा आणे म्हणजे वर्षाचे सुमारें ३४२ रुपये. त्या काळच्या दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपासचीच ही रक्कम आहे. म्हणजे नेहरूंचा आकडा बनावट नव्हता. परंतु तो कशाचा होता? देशाचें सगळें उत्पन्न सगळ्या माणसांत सारखें वांटलें तर प्रत्येकाच्या वांट्यास काय येईल, याचा तो होता. लोहियांचा प्रश्न तसा नव्हता. त्या वेळची लोकसंख्या पंचेचाळीस कोटींच्या आसपास धरली तर सत्तावीस कोटि म्हणजे शेंकडा साठ. त्या साठांच्या वांट्यास प्रत्यक्षांत काय येतें, असें ते विचारीत होते. सरकारचें उत्तर खरें होतें, पण तें दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर होतें.

न्यायशास्त्रांत छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाक्छल, सामान्यच्छल आणि उपचारच्छल. एका जातीविषयीं सामान्यपणें संभवनीय म्हणून जें म्हटलें, तें त्या जातींतील प्रत्येक व्यक्तीवर ताणून लावणें, हा सामान्यच्छल. सरासरी ही सर्वांविषयीं मिळून खरी असते. ती प्रत्येकाच्या ताटांत वाढूं गेल्यास हाच दोष घडतो. छल या शब्दांत हेतूचा आरोप येतो, आणि तो मी नेहरूंवर करीत नाहीं. घाईच्या उत्तरांत हातीं असलेला आकडा पुढें करणें हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु दोष हेतूवांचूनहि घडतो, आणि परीक्षकानें तो दाखविला पाहिजे.

सरासरीचा हा झगडा आपल्याकडे त्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें चालत आलेला होता. दादाभाई नौरोजींनीं इ. स. १८७६ मध्यें मुंबईस वाचलेल्या निबंधांत हिंदी माणसाचें वार्षिक उत्पन्न सरासरीनें वीस रुपये काढलें. रोजचे सुमारें साडेतीन पैसे, म्हणजे आणाहि पुरा नाहीं. सरकारच्या बाजूनें इ. स. १८८२ मध्यें बेअरिंग व बार्बर यांनीं सत्तावीस रुपयांचा अंदाज केला, आणि इ. स. १९०१ मध्यें लॉर्ड कर्झननें तीस सांगितले. त्या काळचे भाव निराळे असल्यामुळें या रकमा इ. स. १९६३ च्या रकमांशीं ताडून पाहतां येणार नाहींत. पण युक्तिवादाची रीत तीच आहे. दादाभाई नुसती सरासरी काढून थांबले नाहींत. केवळ जगण्यापुरतें अन्नवस्त्र घेण्यास दरमाणशीं चौतीस रुपये लागतात असें त्यांनीं दाखविलें, आणि वीस व चौतीस यांतील अंतराकडे बोट दाखवून सरकारास उत्तर मागितलें. लोहियांनीं तोच प्रश्न स्वराज्याच्या सरकारास विचारला, एवढाच फरक. आणि स्वराज्याच्या सरकारनें, दोन आठवड्यांनीं कां होईना, सभागृहांत निराळा आकडा ठेविला. हा फरक लहान नव्हे.

(४) एक घरगुती कागद

येथें माझ्या संग्रहांतील एका कागदाचा उल्लेख करण्याची परवानगी घेतों. माझे वडील देशावरील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या पश्चात् घराची आवरासावर करतांना त्यांचे रोजखर्डे सांपडले, त्यांत इ. स. १९६३ ची वही आहे. त्या वर्षीं मी तीन वर्षांचा होतों. पगार व महागाई भत्ता मिळून महिना ११२ रुपये जमेस आहेत. घरांत आजी, आईवडील आणि आम्ही चार भावंडें, मिळून सात माणसें. महिना तीस दिवसांचा धरला तर दरडोई रोजचे साडेआठ आणे पडतात. गांवांत आमचें घर ‘सरकारी पगाराचें’ म्हणून ओळखलें जाई, आणि लोक आईजवळ उसनेंपासनें मागावयास येत. तें घर देशाच्या सरासरीच्या निम्म्याहून थोडेंच वर होतें.

त्याच वहींत भुईमुगाच्या शेंगा तोडावयास आलेल्या एका बाईच्या मजुरीच्या नोंदी आहेत: ‘रोज १४ आणे’. (सरकारनें नवे पैसे काढले तरी वडिलांची लेखणी आण्यांतच लिही.) आईनें पुढें सांगितल्यावरून, त्या बाईच्या घरीं सासू व दोन मुलें होतीं आणि दुसरें कोणी मिळवतें नव्हतें. चौघांत चौदा आणे, म्हणजे माणशीं साडेतीन. आणि तेहि ज्या दिवशीं काम मिळे त्या दिवशीं. अशा नोंदी त्या महिन्यांत अकरा आहेत.

एका वहीवरून राष्ट्राचें अनुमान काढणें हा उघड तर्कदोष आहे, हें मी जाणतों. ती बाई शेंकडा साठांतली होती कीं त्यांतहि अगदीं तळची, हें वही सांगत नाहीं. परंतु एवढें ती निश्चित सांगते कीं, तीन आण्यांचें माणूस कल्पनेंतलें नव्हतें. तें आमच्या ओसरीवर येऊन बसे. आणि वडिलांस त्या वेळीं कोणी पंधरा आण्यांची सरासरी सांगितली असती, तर त्यांनीं मुकाट्यानें वही पुढें केली असती.

(५) निवाडा

आण्यांचा निवाडा लोकसभेंत झाला नाहीं, तो पुढें आमच्या पुण्यास झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं भारतांतील दारिद्र्यावरील आपलें विवेचन इ. स. १९७१ मध्यें प्रसिद्ध केलें. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारें त्यांनीं इ. स. १९६०-६१ च्या भावांनीं पुरेसें अन्न घेण्यास लागणारा किमान खर्च खेड्यांत महिना पंधरा रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये असा धरला, आणि खेड्यांतील सुमारें शेंकडा चाळीस व शहरांतील सुमारें शेंकडा पन्नास लोक त्या रेषेच्या खालीं असल्याचें दाखविलें. महिना पंधरा रुपये म्हणजे रोजचे आठ आण्यांस किंचित् कमी.

या मोजमापावर तिन्ही आकडे घासून पाहूं. खेड्यांपुरतें स्थूलमानानें बोलावयाचें तर, शंभरांपैकीं खालच्या साठ माणसांत चाळीस रेषेखालीं आणि वीस रेषेच्या वर. त्या वरच्या विसांस माणशीं निदान पावणेआठ आणे धरले तर त्यांचेच एकशें पंचावन्न आणे होतात. साठांची सरासरी तीन आणे असती तर सगळ्यांचे मिळून एकशें ऐंशी आणे झाले असते. म्हणजे तळच्या चाळिसांस वांटून घेण्यास पंचवीस आणे उरले, माणशीं अडीच पैसे. इतक्यांत माणूस जगत नाहीं. खर्च आणि उत्पन्न या दोन वस्तु निराळ्या आहेत, आणि गरिबाचा खर्च कर्जामुळें उत्पन्नापेक्षां जास्त असूं शकतो, ही सवलत लोहियांस देऊनहि शेंकडा साठांस तीन आणे हा हिशेब बसत नाहीं. नंदांचे साडेसात आणे मात्र या मोजमापाच्या पुष्कळ जवळ येतात.

तेव्हां निवाडा असा: लोहियांचा आकडा टिकत नाहीं, त्यांचा प्रश्न टिकतो, नेहरूंचा आकडा टिकतो, त्यांचें उत्तर टिकत नाहीं. लोहियांच्या पक्षाचा आणखी एक दोष सांगितला पाहिजे. पंचवीस हजार आणि तीन आणे हे आकडे शेजारीं ठेवण्यांत वक्तृत्व होतें, हिशेब नव्हता. एका बाजूस एका पदाचा सगळा व्याप आणि दुसऱ्या बाजूस एका पोटाची भाकर, ही तुलना समजातीय नव्हे. आणि तीमुळें खरा प्रश्न थोडा झांकला गेला. पण हा दोष मान्य करूनहि, त्यांनीं तीन आणे म्हटले नसते तर साडेसात आणे कोणीं सांगितले असते, हा प्रश्न उरतोच.

याच प्रकारचा दुसरा दाखला इ. स. १९५७ मधील मुंध्रा प्रकरणाचा. आयुर्विमा महामंडळानें हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटि रुपयांच्या आसपासचे शेअर घेतले होते. त्यावर लोकसभेंत प्रश्न झाले, आणि फिरोज गांधींनीं त्यांचा पाठपुरावा केला. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद होते, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पूर्वपक्ष मांडण्यास विरोधी बांकावर बसावेंच लागतें असें नाहीं. पुढें मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति छागला यांच्यापुढें उघड चौकशी झाली आणि इ. स. १९५८ च्या फेब्रुवारींत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. तेथें प्रश्नाचा निवाडा अडीच महिन्यांत लागला. आण्यांच्या प्रश्नास आठ वर्षें लागलीं.

(६) उपसंहार

पूर्वपक्ष जपून ठेवण्याची आपल्या शास्त्रग्रंथांची रीत आहे. चार्वाकांचीं मतें आज आपणांस कळतात तीं बहुतेक त्यांच्या प्रतिपक्ष्यांनीं खंडनासाठीं उतरून ठेविलीं म्हणून. त्यांचे स्वतःचे ग्रंथ कालौघांत गेले. प्रतिपक्ष्यानें उतरलेला पूर्वपक्ष किती प्रामाणिक, ही शंका मात्र तेथें कायमची राहते. लोकसभेच्या वृत्तान्तांत पूर्वपक्ष ज्याचा त्याच्याच शब्दांत राहतो, ही सोय आपल्या कोणत्याहि जुन्या दप्तरांत नाहीं. अशा साधनाकडे संशोधकांनींच पाठ फिरविली, तर पन्नास वर्षांनीं आपल्या हातीं दोन बखरी तेवढ्या उरतील.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति कीं, कोणाच्या घरीं जुन्या सभासदांचे कागद, प्रश्नांच्या छापील याद्या, मंत्र्यांची लेखी उत्तरें, समासांत टिपणें केलेले वृत्तान्ताचे खंड असतील, तर ते रद्दींत घालूं नयेत. मुख्य खंड ग्रंथालयांत मिळतील. समासांतील टिपणें दुसरीकडे कोठेंहि मिळणार नाहींत. आणि त्यांच्या जोडीस त्याच सालांचे घरगुती रोजखर्डे ठेवावेत. मंत्र्यानें सभागृहांत काय सांगितलें आणि त्याच महिन्यांत एखाद्या घरांत काय शिजलें, हे दोन्ही कागद समोरासमोर असल्यावांचून वाद पुरा वाचला असें होत नाहीं.

माझ्या वडिलांची इ. स. १९६३ ची वही या लेखाबरोबर मंडळाच्या दप्तरांत जमा करीत आहें. यादींत तिची नोंद करतांना ‘किरकोळ’ या सदराखालीं न करितां ‘लोकसभा, इ. स. १९६३, आण्यांचा वाद’ या सदराखालीं करावी, एवढीच चिटणीसांस प्रार्थना.